हरीशेठचा निळा ठिपका

हरिश्चंद्र मोकल या माणसाने मला उभ्या आयुष्यात एक रुपया कमी केला नाही.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल जे बरं लिहीन ते कुणाच्या भिडेने लिहिलेलं नाही हे कळेल. मी भाव करणारा माणूस आहे. धाटावला ठेकेदाराच्या हाताखाली रसायनांचे ड्रम ढकलत सुरुवात केली आणि आज रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावात माझं फ्लेक्सचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे, ते भाव करून करून उभं राहिलेलं आहे. शाईवाला मला कमी करतो, गाळ्याचा मालक कमी करतो. मुलीच्या लग्नात भटजींनीही कमी केलं होतं. पेणच्या एका बोळातल्या या म्हाताऱ्याने मात्र नाही.

मध्यंतरी पेणला गेलो होतो तेव्हा नाक्यावर त्यांचा फ्लेक्स दिसला. भावपूर्ण श्रद्धांजली. मला कुणी कळवलं नव्हतं. ज्याने तो केला त्याला माणूस माहीत नसावा. हरीशेठच्या फोटोला त्याने कोट आणि टाय चढवला होता, केस काळे केले होते आणि ओठांचे कोपरे ओढून त्यांना हसवलं होतं. माझाच धंदा हा, त्यामुळे कुठे काय ओढलंय ते लगेच दिसतं. भर रस्त्यात उभा राहून मी त्या फ्लेक्सवर चिडलो. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याच्यावरही चिडलो. मग टपरीवर बसलो आणि ठरवलं, हा माणूस कसा होता ते आपणच लिहून ठेवायचं.

त्यांचं दुकान एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला, गणपतीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बोळात होतं. दारासमोर बिनरंगाच्या मूर्ती वाळत ठेवलेल्या असायच्या आणि गिऱ्हाइकाला त्यांच्यामधून अंग चोरत आत जावं लागे. पाटीवर मालकाचं नाव नव्हतं. ‘कॉम्प्युटरचे पार्ट मिळतील’ एवढंच. आत लाकडी काउंटर, त्यामागे एक लोखंडी कपाट, आणि कपाटात दिवसरात्र पेटलेला पिवळा बल्ब. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा अंडी उबवतोय. खाडीकडची खारी हवा पार्टांना लागू नये म्हणून कपाट ऊबदार ठेवायची ती तजवीज होती.

काउंटरवर एका बशीत लिंबाएवढा मिठाचा खडा असायचा. मोकलांचं मिठागर होतं, धरमतरच्या बाजूला. हरीशेठ तरुणपणी त्यात राबलेले. पुढे रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकले, तिथून कॉम्प्युटरकडे आले. मिठागर सुटलं तरी पाय तसेच राहिले होते. तळव्यांना खोल भेगा, टाचा पांढऱ्या. स्टुलावर एक पाय वर घेऊन बसत आणि गिऱ्हाईक बोलत असताना टाचेवरून अंगठा फिरवत राहत. बोलायचे कमी. भाव सांगितला की उजवा हात काउंटरवर पालथा ठेवायचे, डब्याला झाकण लावावं तसा. त्यानंतर त्या वस्तूवर बोलणं बंद.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला घरच्या घरी कॉम्प्युटर जोडायचा होता. तोवर मी रोह्याच्या एका डिझाइनवाल्याकडून बॅनर करून घ्यायचो आणि तो माझीच गिऱ्हाइकं परस्पर पळवायचा. तयार मशिन माझ्या आवाक्याबाहेर होतं. धाटावला शिफ्टमध्ये बरोबर असलेल्या एका पोराने सांगितलं की पार्ट सुटे घेतले तर बरंच स्वस्त पडतं, जोडणं काही कठीण नाही. म्हणून मी मुंबईचा बाजार पालथा घातला, पनवेलच्या काचेच्या दाराच्या दुकानात जाऊन आलो, सगळे भाव डोक्यात बसवले आणि शेवटी परतीच्या वाटेवर पेणला उतरलो. उगाच. आणखी एक भाव माहीत असावा म्हणून.

हरीशेठनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग बोटांवर मोजत म्हणाले, “डबा कुटनंबी घे, पत्रा हाय नुसता. पडदा पनवेलला घे, खराब निगाला तर बदलून देतात. प्रोसेसर मुंबईला घे, त्या भावात मलाच मिलत नाय, तुला कुटनं देऊ? बोर्ड आन पॉवर सप्लाय माझ्याकडनं घे.”

मी असा दुकानदार पाहिला नव्हता. दारात आलेलं गिऱ्हाईक निम्म्या मालासाठी दुसऱ्याकडे धाडतो म्हणजे राहिलेल्या निम्म्यात गळा कापणार, असं मी धरून चाललो. आणि झालंही तसंच. बोर्ड आणि पॉवर सप्लायचा त्यांचा भाव मुंबईपेक्षा चांगला चढा होता.

“शेठ, मुंबईत हाच माल खूप खाली मिळतो.”

“मिलतो.”

“मग तुमच्याकडून का घ्यायचा?”

“स्वस्त कुटं मिलतं ते सगलेच इचारतात. बिघडल्यावर कुनाच्या दारात उभा ऱ्हाशील, ते कोन इचारत नाय.”

आणि हात पालथा.

मी माझा नेहमीचा डाव टाकला. “राहू द्या मग,” म्हटलं आणि उठलो. या डावाची गंमत अशी की पायरी उतरायच्या आत मागून हाक येते. “अहो, या तरी, तुमचा भाव सांगा.” ती हाक आली की अर्धी लढाई जिंकली. मी पायरी उतरलो. मूर्तींमधून हळूहळू गेलो. एका मूर्तीच्या सोंडेकडे बघत उभा राहिलो. हाक आली नाही. बोळाच्या तोंडाशी जाऊन चपलेचा पट्टा नीट केला. स्टँडवर जाऊन बसलो. रोह्याची गाडी लागली, भरली आणि माझ्यादेखत सुटली. मग मी परत गेलो.

बोर्डाचा आणि पॉवर सप्लायचा डबा काउंटरवर जिथे होते तिथेच होते. त्यांनी ते आवरलेसुद्धा नव्हते.

“बस चुकली का?” हरीशेठनी विचारलं.

“चुकवली.”

“मंग बस. च्या सांगतो.”

त्यांनी सांगितलेल्या भावाने मी माल घेतला. पैसे दिल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून एक छोटी डबी काढली. सख्ख्या भावाच्या होडीला लावून उरलेला निळा रंग होता तो. आगपेटीची काडी त्यात बुडवून त्यांनी पॉवर सप्लायच्या कडेला एक ठिपका दिला, बोर्डाच्या कोपऱ्याला एक दिला, आणि दोन्हीवर फुंकर घालत बसले.

“हे काय?”

“माझा ठिपका. बिल हरवतं, कंपनी पलते. ह्यो ठिपका घेऊन कवाबी ये. बदलून देनार.”

“किती वर्षं?”

“दुकान हाय तवर ठिपका हाय.”

मला हसू आलं होतं. कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. पण तो ठिपका पेण, रोहा, धाटाव आणि खाडीकाठच्या गावांत चालत होता हे पुढे कळलं. शाळेच्या ऑफिसात, सायबर कॅफेत, कंपनीच्या गेटवरच्या केबिनमध्ये, पतपेढीत, कुठेही डबा उघडला की आत निळा ठिपका असायचा. लोक कॉम्प्युटर विकताना सांगायचे, ठिपक्याचा आहे. आणि पुढचा माणूस त्याचे जादा पैसे द्यायचा.

मिठाच्या खड्याची भानगडही याच ठिपक्याशी बांधलेली. तो खडा कोरडा असेल तर हरीशेठ बोर्डाचा डबा उघडणार, मशिन जोडून देणार. खड्याला घाम आला असेल तर नाही. दोन बोटांनी उचलून बघत, बोटं एकमेकांवर घासत आणि म्हणत, “आज नाय.” दमट हवेत बोर्ड उघडला की तो आज चालतो आणि पुढे कधीतरी दगा देतो, आणि दगा दिला की ठिपक्याखाली त्यांनाच भरून द्यावा लागतो, असा त्यांचा हिशोब. एकदा ऐन निवडणुकीत माझं मशिन बसलं. मोठमोठ्या बॅनरची कामं घेतलेली, उमेदवाराची माणसं दुकानात येऊन बसलेली. मी भर पावसात पेण गाठलं. हरीशेठनी खडा उचलला, बोटं घासली.

“आज नाय.”

“शेठ, धंदा बुडेल माझा! पक्षाची पोरं दुकान फोडतील!”

“मंग पनवेलला जा. तिकडं मीठ नाय ठेवत.”

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या कारखान्यातला माणूस हातात रंगाचा ब्रश घेऊन बघायला आला होता. हरीशेठ टाचेवरून अंगठा फिरवत बसले होते. मी पनवेलला गेलो, बोर्ड घेतला, त्याच दिवशी बसवला, बॅनर छापले, निवडणूक पार पडली. आणि तो पनवेलचा बोर्ड अजून, हे लिहीत असताना, माझ्या झेरॉक्सच्या टेबलावर उत्तम चालू आहे. हे मी त्यांना प्रत्येक भेटीत सांगायचो. ते म्हणायचे, “चांगला हाय ना? मंग वापर.” मिठाच्या खड्याला विचारून धंदा करणारा माणूस पावसाळ्याचे महिने काय खात असेल, हा विचार मला तेव्हाही यायचा. गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त गणपतीच्या आधी यायचं, आणि तेव्हाच खडा सगळ्यांत जास्त घामेजलेला असायचा.

मला रागवायला आणखी एक कारण मिळालं ते धाटावच्या एका माणसामुळे. मी दुकानात बसलो होतो. एक शिफ्टवाला कंपनीचा बूट घालून आला, खिशातून मेमरीची पट्टी काढली आणि म्हणाला, “बदलून पाहिजे. तुमचा ठिपका आहे.” मी लांबूनच बघितलं. ठिपका निळाच होता, पण तो होडीचा निळा नव्हता. त्यात चमक होती. बायकांच्या नखांना लावतात तो रंग होता. रंगातलं मला कुणी शिकवू नये.

“शेठ, हा ठिपका तुमचा नाही,” मी सरळ म्हणालो.

तो माणूस लाल झाला. हरीशेठनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पट्टी उलटीसुलटी केली, कपाट उघडलं, बल्बाच्या उजेडात हात घालून नवी पट्टी काढली, तिला आपला ठिपका दिला, फुंकर घातली आणि त्याच्या हातात ठेवली. तो माणूस मान खाली घालून मूर्तींमधून भराभर निघून गेला.

“दिसलं नाही का तुम्हाला?” मी ओरडलो.

“दिसलं. मना डोले हायत.”

“मग? फुकट दिलीत! आणि मला एवढ्या वर्षांत एक रुपया कमी केला नाहीत!”

“बोंबलू नको, रोहेकर.” ते मला रोहेकर म्हणत, मी अष्टमीचा आहे हे हजारदा सांगून झालं तरी. “त्याला मी नाय म्हनालो, तर तो बाहेर जाऊन काय सांगंल? मोकल ठिपका मानत नाय. कंचा ठिपका खरा, कंचा खोटा, ते तो सांगत बसंल का? मंग माझ्या खऱ्या ठिपक्याला कोन इचारतंय?”

“असे सगळे उद्या नखांचे रंग घेऊन येतील.”

“यू दे.”

आणि आले. सगळे नाही, पण आले. ऑनलाइन स्वस्तात घेतलेला माल, घरी ठिपका लावून, मेला की पेणला. हरीशेठ बदलून देत राहिले. कपाटातले खण मोकळे होत गेले. आधी मी जायचो तेव्हा बल्ब डब्यांच्या आड दिसायचा. नंतर नंतर कपाट उघडलं की उजेड सरळ डोळ्यांत यायचा. बोळातलं गिऱ्हाईकही आटलं होतं. कॉलेजची पोरं दुकानात येत, कुठला बोर्ड चांगला ते विचारत, त्यांच्यासमोरच मोबाइलवर तोच बोर्ड मागवत आणि “थँक्यू काका” म्हणून जात. मी एकाला बोळाच्या तोंडापर्यंत शिव्या घालत गेलो. परत आलो तर हरीशेठ मलाच म्हणाले, “त्याच्या दारात येतो ना डबा? मंग त्याला कशाला रोह्याहून गाडी पकडायला लावतोस?”

“तो पेणचाच आहे, शेठ.”

“व्हय का? मंग तर जवलच हाय.” आणि ते हसले. त्यांचं हसणं त्या फ्लेक्सवरच्यासारखं नव्हतं. एकाच बाजूचा गाल हलायचा.

पुढे त्यांच्या हाताला कंप सुटला. ठिपका देताना काडी थरथरायची, ठिपक्याची रेघ व्हायची. मुलगा पनवेलला नोकरीत. तो रविवारी यायचा आणि दुकान बंद करा म्हणून मागे लागायचा. गाळा ज्यांचा होता त्यांनाही तो खाली करून हवा होता, बोळाच्या तोंडाशी इमारत येणार होती. एका रविवारी मी तिथे असतानाच बापलेकांचं जुंपलं.

“बाबा, काय राहिलंय इथं? कपाटात बल्ब जळतोय नुसता.”

“ठिपके हायत.”

“कुठं आहेत?”

“भायेर. पेनला, रोह्याला, धाटावला, कुटं कुटं. दुकान हाय तवर बदलून देनार, असं सांगितलंय मी लोकांना. आता दुकान बंद केलं म्हंजी मी काय सांगितलं व्हतं?”

“लोक विसरले असतील, बाबा.”

“मी नाय इसरलो.”

मुलगा माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाला, तुम्ही तरी सांगा. तेव्हा माझ्या मनात बरेच दिवस घोळत होतं ते मी बोललो. खरं सांगतो, त्यात माझा फायदा होता. पेणला मला फ्लेक्सची दुसरी शाखा काढायची होतीच. पण फक्त तेवढंच नव्हतं.

“शेठ, दुकान मला द्या. गाळामालकाचं मी बघतो. तुमचं कपाट तिथेच राहील, बल्ब राहील, मीठसुद्धा राहील. ठिपक्याचा जो येईल त्याला मी बदलून देईन. म्हणजे दुकानही राहील आणि तुमचा शब्दही.”

मुलाचा चेहरा उजळला. हरीशेठनी टाचेवरचा अंगठा थांबवला. मी जन्मात एवढ्या सरळ मनाने कुणाला काही मागितलं नव्हतं, आणि कितीला ते विचारलंही नव्हतं.

“नको.”

“का?”

“तू ठिपक्याचाबी भाव करशील, रोहेकर.”

हात पालथा. झाकण बसलं.

मी उठलो. या वेळी डाव नव्हता. बोळाबाहेर आलो, गाडीत बसलो आणि घरी गेलो, आणि परत त्या दुकानाची पायरी चढलो नाही.

हा माझा राग आहे आणि तो अजून उतरलेला नाही. मी घेताना भाव करतो. का करू नये? मला कुणी काही आयतं दिलेलं नाही. पण एकदा ठरलं की ठरलं. छापलेला फ्लेक्स खराब निघाला म्हणून मी गिऱ्हाइकाशी कधी वाद घातलेला नाही, नवा छापून दिला आहे. वाऱ्याने फाटलेलासुद्धा. हे हरीशेठना ठाऊक होतं. माझ्यासमोर त्यांनी ते एका माणसाला सांगितलंही होतं, “रोहेकराचा माल घे, पर भाव करताना जेवून जा.” मग माझ्यावर एवढा अविश्वास का? नखांचे रंग लावून येणाऱ्या चोरांना त्यांनी कधी तोंडावर चोर म्हटलं नाही. मला मात्र मुलासमोर ते सुनावलं.

त्यानंतर पेणहून कानावर यायला लागलं की म्हातारा फिरतोय. आधी वाटलं वसुलीला फिरत असेल. मग रोह्याच्या एका कॅफेवाल्याने सांगितलं. हरीशेठ एसटीने येतात, पिशवीत थिनरची बाटली आणि फडकं. डबा उघडायला लावतात. ठिपका सापडला की मशिन चालू करून बघतात. पार्ट थकलेला असेल तर पिशवीतला नवा बसवून देतात. मग मालकाला विचारतात, “दुकान बंद करतोय. माझा ठिपका पुसू का?” माणूस हो म्हणाला की फडक्याने पुसतात, नमस्कार करतात आणि पुढच्या ठिकाणी जातात. नाही म्हणालास तर हो म्हणेपर्यंत बसून राहीन, असंही सांगतात. पण नाही कोण म्हणणार? सगळे हो म्हणत होते. कितीकांना तर ठिपका कसला हेच आठवत नव्हतं.

ते ऐकल्यापासून मी वाट बघत होतो. माझ्या डिझाइनच्या मशिनमध्ये तो पहिला पॉवर सप्लाय होता, होडीच्या निळ्या ठिपक्याचा. बाकीचं सगळं मी बदललं होतं, तो बदलावा लागला नव्हता. हरीशेठना माझ्याकडे यावंच लागणार होतं. या वेळी माल माझ्याकडे होता आणि गिऱ्हाईक ते होते. मी काय बोलणार ते ठरवून ठेवलं होतं. नाही म्हणणार. ते बसून राहतील. मी चहा सांगेन. ते विचारतील, मग कसा पुसू देशील? मी म्हणेन, दुकान द्या. ते नको म्हणतील. मी त्यांना संध्याकाळपर्यंत बसवून ठेवीन, शेवटची गाडी चुकेल, मग मुक्कामाला घरी नेईन आणि जेवताना पुन्हा तोच विषय काढीन. आयुष्यभर ज्या माणसाने मला घासाघीस करू दिली नाही, त्याच्याशी एक तरी घासाघीस मला मनसोक्त करायची होती.

त्या दिवशी मी एका कंपनीचा फ्लेक्स गेटवर लावून द्यायला धाटावला गेलो होतो. दुपारी परतताना पुलावर समोरून हरीशेठ येताना दिसले. अष्टमीहून रोह्याकडे, कडेकडेने, खांद्याला पिशवी. पांढरा शर्ट, चपलांबाहेर आलेल्या टाचा. मी हॉर्न वाजवला. त्यांनी बघितलं, हात थोडा वर केला आणि चालत राहिले. मागे टेम्पो होता, मला थांबता आलं नाही. वाटलं, अष्टमीत दुसऱ्या कुणाकडे आले असतील. माझ्याकडे यायचे तर मी दुकानात नाही हे बघून थांबले असते.

दुकानात आलो. थिनरचा वास येत होता.

बायको काउंटरवर होती. “हरीशेठ येऊन गेले,” ती म्हणाली. “मी म्हटलं, थांबा, आत्ता येतील. तर म्हणाले, ‘गो सुनबाय, तो नाय म्हनूनच आलोय.’”

“आणि?”

“मशिन उघडून बघितलं. चांगलं चाललंय म्हणाले. मग मला विचारलं, पुसू का?”

“तू काय म्हणालीस?”

“हात थरथरत होते त्यांचे. पाणीसुद्धा सांडलं शर्टावर. मी नाही कसं म्हणू?”

मी डबा उघडला. ठिपका होता तिथे आता धूळ नसलेला एक चकचकीत डाग होता, बाकीच्या पत्र्यापेक्षा उजळ. बोटाने चोळून बघितलं. काही नव्हतं.

सगळ्यांना त्यांनी तोंडावर विचारलं. गावोगाव फिरून, समोर बसून, हात जोडून. माझ्या एकट्याकडे मी नसताना आले. मी बायकोवर काहीतरी ओरडलो, गाडी वळवली आणि पुलावरून परत रोह्याच्या स्टँडवर आलो.

पेणची गाडी फलाटावरून मागे येत होती. वळण घेऊन ती माझ्या समोरून गेली तेव्हा खिडकीत हरीशेठ दिसले. पिशवी मांडीवर, हात खिडकीच्या गजावर. उजव्या हाताची बोटं निळी झाली होती, पेरापेरांपर्यंत, इतक्या ठिकाणचे ठिपके पुसून पुसून. मी गाडी तिथेच टाकली आणि बसच्या बाजूने पळायला लागलो.

“शेठ! उतरा! शेठ, परत या!”

आयुष्यभर ज्या हाकेची मी त्यांच्याकडून वाट बघितली, ती मीच मारत होतो. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि एका बाजूचा गाल हलला.

“शेठ, तुमच्या भावाने!” मी ओरडलो. “तुम्ही म्हणाल त्या भावाने! माझं काही म्हणणं नाही!”

स्टँडवरची माणसं बघायला लागली होती. कंडक्टरने घंटी दिली. हरीशेठनी गजावरचा तो निळा हात उचलला, मांडीवरच्या पिशवीवर पालथा ठेवला, आणि तोंड वळवून समोर बघायला लागले. गाडी फाटकातून बाहेर पडली.